टिकाऊपणा कोणाचा: ड्राइव्हचा की माहितीचा?

‘टिकाऊ’ हे विशेषण ऐकलं की आम्ही आधी विचारतो, हा गुण नेमका कोणाचा? सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या एंटरप्राइझ एसएसडींच्या बाबतीत हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आमचा आक्षेप त्यावर आहे.

माहितीपत्रकात माप असतं ‘डीडब्ल्यूपीडी’चं, म्हणजे हमीच्या काळात अख्खा ड्राइव्ह रोज किती वेळा लिहिता येईल. १.९२ टेराबाइटचा ड्राइव्ह, माप १, हमी ५ वर्षं. गुणाकार करा, ३,५०४ टेराबाइट येतात. फ्लॅश पेशी पुसण्या-लिहिण्याने झिजते, तेव्हा हे माप निरर्थक नाही. पण ते झिजेचं माप झालं, जपणुकीचं नव्हे.

आता ‘जेडेक’चं मानक बघा. लेखनमर्यादा गाठलेल्या एंटरप्राइझ ड्राइव्हने वीज बंद असताना ४० अंश सेल्सिअसला ३ महिने माहिती धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा. साध्या ड्राइव्हकडून ३० अंशांना १ वर्षाची. तापमानं वेगळी, म्हणून थेट तुलना नको. पण ‘महाग म्हणजे जास्त काळ जपणारा’ हा समज इथे उभा राहत नाही.

आणि मरण झिजेनेच येतं असंही नाही. २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबद्दल इशारा दिला: फर्मवेअर बदललं नाही, तर ३२,७६८ तास चालल्यावर ड्राइव्ह बंद पडेल आणि माहिती परत मिळणार नाही. म्हणजे पावणेचार वर्षांच्या आत! आता एकाच दिवशी सुरू केलेले असे ड्राइव्ह एकाच रेडमध्ये असतील तर? एकाला सावरायला दुसरा ठेवला, आणि दोघांची घटका एकच.

मग जादा पैसे वाया जातात का? नाही. अचानक वीज गेली तर हातातलं लिखाण पुरं करू देणारे कपॅसिटर, झिजेसाठी राखलेली जास्तीची जागा, सततच्या भाराखाली एकसारखा वेग, हे खरं मोल आहे, आणि ज्याचं काम चोवीस तास चालतं त्याने ते जरूर मोजावं.

मात्र हमीत नवा ड्राइव्ह मिळतो, जुनी माहिती नाही. ती टिकवायची तर दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी, शक्यतो वेगळ्या जातीच्या साधनावर हवी. आणि ती उघडते का, हे अधूनमधून बघायला हवं. हा खर्च माहितीपत्रकात नसतो. खरेदीच्या हिशेबात तो आपणच धरायचा.