ओट्यासमोरचा पाट

खापा हे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातले, कन्हान नदीच्या काठचे छोटे शहर. तेथे माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. दोन वर्षांपूर्वी ताईने जुने स्वयंपाकघर पाडून नवे बांधले. कडप्प्याचा लांबलचक ओटा, स्टीलचे सिंक, खाली कपाटे, वर भिंतीला कपाटे, त्यांच्याही वर माळा. बघणाऱ्याला हेवा वाटावा असे स्वयंपाकघर. मी गेल्या उन्हाळ्यात तेथे गेलो तेव्हा मात्र एक विचित्र गोष्ट दिसली. ओट्यासमोर, शेगडीच्या पुढ्यात, जमिनीवर जेवणाचा लाकडी पाट ठेवलेला होता. ताई त्या पाटावर उभी राहून वरण ढवळत होती.

"ओटा उंच झाला रे," ती म्हणाली. तिने हे अशा सुरात सांगितले की जणू ओटा बरोबर आहे आणि तिचीच उंची चुकली आहे. त्याच पाटावरून पाय घसरून दोन महिन्यांपूर्वी तिच्या हातावर गरम वरण सांडले होते. उजवा खांदा तर रोजच दुखतो.

ओट्याची उंची कोणी ठरवली, असे मी विचारले. उत्तर मिळाले, "गवंड्याने. आजकाल सगळीकडे ३४ इंचच ठेवतात म्हणाला." आणि खोली दोन फूट का? तर कडप्प्याची फरशी दोन फुटी होती म्हणून!

प्रयोगशाळेत एखादे नवे टेबल यायचे असेल तर त्याच्या उंचीवरून आम्ही शास्त्रज्ञ मंडळी आठवडाभर वाद घालतो. पण जेथे माझी बहीण रोज पाच-सहा तास उभी राहते, त्या जागेचे माप घेण्याचे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही. म्हणून या लेखात आजच्या ‘आदर्श’ स्वयंपाकघराचे परीक्षण करायचे आहे. पुस्तकांचे परीक्षण आपण करतोच. ओटाही तितकाच वाचला आणि तपासला जायला हवा.

मूळ आराखडा काय होता?

सलग ओटा, खाली-वर कपाटे आणि सारे हाताशी, या कल्पनेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे १९२६ सालचे ‘फ्रँकफर्ट स्वयंपाकघर’. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात वास्तुतज्ज्ञ एर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली कामगारवर्गासाठी मोठ्या संख्येने घरे बांधली जात होती. त्यांतील स्वयंपाकघराची रचना मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या तरुण ऑस्ट्रियन वास्तुतज्ज्ञ बाईंनी केली. खोली सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या भोजन-डब्यातील चिंचोळे स्वयंपाकघर हा त्यांच्यापुढचा एक आदर्श होता. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, किती पावले चालावी लागतात, याचा हिशेब करून त्यांनी वस्तूंच्या जागा ठरवल्या. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली.

पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एका संशोधन गटाने ‘कार्यत्रिकोणा’चा नियम प्रचारात आणला. शेगडी, सिंक आणि फ्रिज ही त्रिकोणाची तीन टोके. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी, असा हा नियम आहे. गृहसजावटीच्या पुस्तकांत तो आजही भेटतो.

या प्रयत्नांचे मोल कमी लेखू नये. घरकाम हे काम आहे, त्यात श्रम आहेत आणि ते मोजता येतात, हे त्यांनी मान्य केले. श्युटे-लिहोत्स्की बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले होते की हा आराखडा करीपर्यंत त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता. म्हणून तर त्यांनी मोजमापाचा आधार घेतला. आपल्याकडे ज्यांनी नक्कल केली त्यांनी स्वयंपाकही केला नाही आणि मापेही घेतली नाहीत.

शिवाय नक्कल अर्धवटच झाली. फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली कामाचा ओटा होता आणि त्यापुढे बसायला फिरते स्टूल होते. भाजी चिरणे, निवडणे ही कामे बसून करावीत, अशी त्यात सोय होती. आपल्याकडे ओटा आला, कपाटे आली, स्टूल मात्र वाटेतच राहिले. जमिनीवर विळी घेऊन बसणाऱ्या बाईला आपण उभे केले आणि पुन्हा बसायची जागा ठेवली नाही.

ताईच्या ओट्याचे गणित

आता मोजू या. ताईची उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंमी. (भारतीय स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंमी आहे. म्हणजे ताई काही फार वेगळी नाही.) सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवले की जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर हे उंचीच्या सुमारे ६३ टक्के असते. ताईचे ते ९३ सेंमी भरले.

श्रमविज्ञानाचा ढोबळ नियम असा : हलके काम कोपराच्या १० ते १५ सेंमी खाली व्हावे. ज्यात जोर लावावा लागतो, ते त्याहूनही खाली व्हावे, म्हणजे अंगाचे वजन कामी येते. यानुसार ताईला चिरायला ७८ ते ८३ सेंमी उंचीचा ओटा हवा आणि कणीक तिंबायला ७० ते ७५ सेंमीचा. बांधला आहे ३४ इंच, म्हणजे ८६ सेंमीचा. काही इंचांची ही चूक क्षुल्लक वाटेल. पण खरी अडचण पुढे आहे.

परदेशी नमुन्यात पुष्कळदा शेगडी ओट्यातच बसवलेली असते. आपण ती ओट्यावर ठेवतो. शेगडीची उंची १२ सेंमी, तिच्यावर पातेले १५ सेंमी. म्हणजे पातेल्याचा काठ ८६ + १२ + १५ = ११३ सेंमीवर गेला! ताईचा खांदा आहे १२० सेंमीवर. कोपराच्या २० सेंमी वर आणि खांद्याच्या जेमतेम ७ सेंमी खाली तिला रोज डाव फिरवावा लागतो. दंड उचललेलाच राहतो, खांद्याचे स्नायू सतत आवळलेले राहतात. दुखणार नाही तर काय? पातेल्यात काय चालले आहे ते दिसावे म्हणून टाचा उंचावाव्या लागतात, आणि मग पाट येतो. दोन इंचांच्या त्या पाटाने गणित थोडेसे सुधारते, पण उकळत्या भांड्यासमोर घसरण्याची सोय होते.

एका ठिकाणी मात्र ८६ सेंमी बरोबर आहे. ते म्हणजे सिंक. तेथे हात काठावर काम करीत नाहीत, वीतभर खाली, तळाशी करतात. म्हणजे एकाच सलग ओट्यावर तीन वेगवेगळ्या उंचीची कामे चालतात आणि आपण तिन्हींना सिंकची उंची दिली आहे. सलग, सपाट ओटा दिसायला छान, बांधायला सोपा. वापरायला नव्हे.

खोली आणि कपाटे

ओट्याची खोली तपासायला पायथागोरसचे प्रमेय पुरते. ताईच्या खांद्याच्या सांध्यापासून मुठीपर्यंतचे अंतर सुमारे ५७ सेंमी आहे. खांदा ओट्याच्या ३४ सेंमी वर आहे. काटकोन त्रिकोणात कर्ण ५७, एक बाजू ३४, तर आडवी बाजू सुमारे ४६ सेंमी येते. खांद्याचा सांधा आणि ओट्याची कड यांत पोटामुळे ११ सेंमी अंतर पडते ते वजा केले, की उरतात ३५ सेंमी. म्हणजे ६१ सेंमी खोल ओट्यातील मागचे २६ सेंमी वाकल्याशिवाय ताईच्या मुठीत येत नाहीत. तेथे काय साठते ते आपण सारे जाणतो : रिकामे डबे, बरण्या, बिलांचे कागद आणि तेलकट धूळ. कपाटाच्या तळाशी पावले आत सरकतील अशी तीन इंचांची खाच ठेवली असती तर ओट्याला चिकटून उभे राहता आले असते. ती ठेवलेली नाही.

हेच गणित वरच्या कपाटांना लावू. कपाट ओट्याच्या ४५ सेंमी वर, म्हणजे १३१ सेंमीपासून सुरू होते आणि २०० सेंमीला संपते. ते भिंतीपासून ३० सेंमी पुढे आलेले आहे. त्याचे दार ताईच्या खांद्यापासून आडवे ४२ सेंमी दूर पडते. कर्ण पुन्हा ५७. उभी बाजू सुमारे ३८ सेंमी. म्हणजे १२० + ३८ = १५८ सेंमीच्या वरचे काहीही टाचा न उचलता तिच्या मुठीत येणार नाही. ६९ सेंमी उंच कपाटातले फक्त २७ सेंमी तिचे! बाकीच्या कपाटाचे पैसे तिने दिले, वापर मात्र भाच्याच्या मर्जीवर.

त्रिकोणात न मावणारे घर

कार्यत्रिकोण एकट्या माणसासाठी आखला आहे आणि त्याला फ्रिज गृहीत आहे. खाप्यातल्या घरात सणाला दोन-तीन जणी एका वेळी काम करतात. पुरण वाटणे, मसाला कुटणे, लंबी रोटीचे सैल पीठ आपटून आपटून तयार करणे या कामांना जमीन लागते. वर्षाचे गहू, तांदूळ, तूरडाळ आणि उन्हाळ्यात केलेल्या कुरडया-पापड ठेवायला जागा लागते. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात माठाला वारा लागणारा कोपरा हवा. पाणी ठरावीक वेळी येत असेल तर साठवणीचे पिंप हे त्रिकोणाचे चौथे टोक ठरते. गॅसचे सिलिंडर हे पाचवे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला जमिनीलगत हवा खेळायला झरोका हवा आणि शेगडी सिलिंडरच्या वरच्या पातळीवर हवी. ताईच्या कपाटाचे दार मात्र घट्ट बंद होते, आणि तोच त्याचा गुण म्हणून सांगितला गेला होता.

खापा हातमागासाठी जुन्या काळापासून ओळखले जाई. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून दांड्या दाबतो. तो खड्डा त्याच्या पायांना बेताचा असावा लागतो. ज्या गावाने मागाला माणसाच्या मापाचे केले, तेथे ओटा मात्र छापील आकड्याने बांधला गेला. भारतीयांच्या शरीराची मापे उपलब्ध नाहीत, असेही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचे अशा मापांचे पुस्तक १९९७ सालीच प्रसिद्ध केले आहे. पण सरासरीपेक्षाही सोपा उपाय घरातच असतो : वापरणाऱ्या माणसाचे कोपर आणि एक टेप.

ताईचा ओटा आम्ही तोडला नाही. त्याच्या टोकाला ७० सेंमी उंचीचे लोखंडी टेबल करून शेगडी त्यावर नेली. सिलिंडर शेजारच्या ओट्याखाली ठेवून त्याच्या दाराला जाळी बसवली. पातेल्याचा काठ आता ९७ सेंमीवर, कोपराच्या जवळपास आला. रोजचे डबे खालच्या फळीवर आले, क्वचित लागणारी भांडी वर गेली. एक स्टूलही आणले. खांदा पूर्ण बरा झाला असे म्हणणार नाही. पाट मात्र पुन्हा जेवायला बसण्याच्या कामी आला आहे.

शिक्षकांसाठी

सातवी ते नववीच्या वर्गाला हा उत्तम प्रकल्प आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरी चार मापे घ्यावीत : स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची कोपराची उंची, ओट्याची उंची, शेगडीसह पातेल्याच्या काठाची उंची आणि ओट्याची खोली. शेगडी बंद व गार असतानाच मापे घ्यावीत. वर्गात तक्ता करून कोपर आणि काठ यांतील फरकाची सरासरी काढावी. नववीच्या मुलांना पायथागोरसचे प्रमेय वापरून हात कोठवर पोचतो तेही काढता येईल. ज्या घरी चूल जमिनीवर आहे त्यांनी बसलेल्या स्थितीत मापे घ्यावीत. ती नोंदही तितकीच मोलाची आहे.

आणखी एक. मुलींबरोबर मुलांनीही आपल्या कोपराची उंची नोंदवावी. ओटा कोणाच्या मापाचा असावा या प्रश्नाआधी त्यापुढे कोण कोण उभे राहणार, हे ठरवावे लागते. घरातली उंच मंडळीही उभी राहणार असतील तर एका उंचीचा ओटा पुरणारच नाही. मुलांनी हा प्रश्न घरी जेवताना विचारला तर काय उत्तरे मिळतात, तीही तक्त्याखाली लिहून घ्यावीत.