हस्तरपेक्षा भीतीदायक बाप

तुळिंजचा रस्ता पावसाच्या पाण्याखाली गेला की मला ‘तुंबाड’ आठवतो. राही अनिल बर्वे यांचा लघुपट ‘मांजा’ २००८चा. ‘तुंबाड’चं चित्रीकरण २०१२मध्ये सुरू झालं आणि सिनेमा पडद्यावर यायला २०१८ उजाडलं. गोष्टीचं बीज नारायण धारपांचं, भाषा मात्र हिंदी.

हस्तर मला फारसा घाबरवत नाही. शेवटी त्याची फौज उतरते तेव्हा तर भयाचा नुसता तमाशा होतो. खरी भीती त्याआधी आहे. १९४७च्या भागात विनायक पोराला विहिरीत उतरायला शिकवतो, घरचा धंदा शिकवावा तसा. आणि पोरगा बापाच्या पुढे जातो: मूठभर मोहरा कशाला, हस्तरचा लंगोटच पळवू, म्हणतो.

‘मोठ्या पॅकेजची लाइन धर’ असं सांगणाऱ्या घरात मी इंजिनिअर झालो. त्या सांगण्यात माया होती. विनायकातही ती आहे, म्हणूनच तो प्रसंग झोंबतो.

२०२४मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर सिनेमाने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. लगेच दुसऱ्या भागाची घोषणा झाली. बर्वे त्यात नाहीत. विनायकाच्या पोरानेही शेवटी हाताशी आलेलं सोनं नाकारलं होतं.