एक सेट पुरतो का?

चाकणची शिफ्ट संपवून जिम गाठणाऱ्याला ‘एकच सेट पुरे’ हे वाक्य गोड वाटणारच. पण मूळ पेपर वाचा: शोनफेल्ड आणि सहकारी, २०१९. सरावातले ३४ पुरुष, ८ आठवडे, आठवड्याला ३ दिवस. गटानुसार प्रत्येक व्यायामाचे १, ३ किंवा ५ सेट. स्क्वॅट, बेंच प्रेसची ताकद तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली. स्नायू मात्र जास्त सेटवाल्यांचे जास्त वाढले. शिवाय प्रत्येक सेट पुढचा रेप निघेनासा होईपर्यंत होता. हे गाळलं, तर निष्कर्षच बदलतो.

आता संशोधक म्हणून बघा. गटात जेमतेम ११-१२ जण. एवढ्यात ‘फरक सापडला नाही’ म्हणजे ‘फरक नाहीच’ असं होत नाही. आणि रात्रपाळीनंतरच्या थकलेल्या शरीराबद्दल हा पेपर काहीच सांगत नाही. वेळ कमी असेल तर कमी सेट जरूर करून बघा. पण पेपरच्या तोंडी नसलेलं वाक्य घालू नका.