मेलेल्याची साक्ष

खुनी कोण हे ठाऊक झालेली रहस्यकथा पुन्हा का पाहावी, असे कोणीही विचारील. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकन मालिकेतला १९९५ सालचा ‘एक्स पोस्ट फॅक्टो’ हा भाग मी परवा दुसऱ्यांदा पाहिला, तो खुन्यासाठी नव्हे, न्यायासाठी.

टॉम पॅरिस या वैमानिकावर परग्रहावरील एका शास्त्रज्ञाच्या खुनाचा आळ येतो. तेथे मृताच्या मेंदूतून त्याची अखेरची स्मृती काढतात. तोच पुरावा आणि तीच शिक्षा! दर १४ तासांनी टॉमला मेलेल्याच्या डोळ्यांनी स्वतःलाच खून करताना पाहावे लागते. यापेक्षा फाशी बरी.

त्याचा सहकारी तुवॉक त्याच्या मनात शिरून ती स्मृती पाहतो. तिच्यातला मारेकरी शास्त्रज्ञाच्या पत्नीएवढाच उंच. टॉम तर तिच्याहून उंच. शिवाय त्या दृश्यात शत्रूसाठी गुप्त माहिती दडवलेली! स्मृतीच बनावट ठरते. खरा खुनी निघतो ती डोक्यात घालणारा डॉक्टर, आणि घरचा कुत्राही त्याला ओळखतो.

पत्नीचे पात्र मात्र ठोकळेबाज आहे. जुन्या गुन्हेपटांतली धूर सोडणारी मोहिनीच ती. पण हा दोष पोटात घालावा. यंत्र खोटे बोलत नाही, या श्रद्धेने न्यायाधीशांनी पाहणेच सोडले, हे या कथेचे मर्म. टॉमला कोणाची दया वाचवीत नाही, साधे मोजमाप वाचवते. उत्तर छापील असले तरी रीत तपासा, असे मी वर्गात सांगतो ते याचसाठी.

वाचकहो, सुटीत थोरल्या मुलांना जवळ बसवून हा भाग अवश्य पाहा.