झाकली पेटी सव्वा लाखाची

फ्लॅटमध्ये मांजर पाळायचं म्हणजे त्याच्या शौचाची सोय आलीच. तिला ‘लिटर बॉक्स’ म्हणतात. या लिटरचा दुधाच्या लिटरशी संबंध एवढाच, की आधी ते लागतं आणि मागाहून हा. 1947 साली अमेरिकेत, मिशिगनमध्ये, एडवर्ड लो यांनी मांजरासाठी वाळू मागायला आलेल्या शेजारणीला पाणी शोषणारी माती दिली आणि एक नवा धंदा सुरू झाला. ती माती आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची. कुणी तोंडाला लावतं, कुणी पायाखाली घेतं!

आता ही पेटी लपवणारं फर्निचर मिळतं. वरून टीपॉय, आत मोरी! सुतारकामाला माझे पैकीच्या पैकी गुण. सोयीला मात्र भोपळा. बंद कपाटात अमोनियाचा वास कोंडतो, आणि मांजराचं नाक आपल्याहून कितीतरी तिखट. त्यात दार एकच, म्हणजे आत कोंडलं जाण्याची धास्ती. मग ते सोफ्यावर येऊन आपला अभिप्राय नोंदवतं.

खरा धोका पुढेच आहे. बोक्याची लघवी तुंबली, तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतं. त्याची पहिली खबर देते ती पेटी. तीच कपाटात बंद, तर खबर घेणार कोण?

खरं म्हणजे झाकायचं ते मांजर स्वतःच मातीत झाकतं. आपण फक्त रोज उपसायचं. पण पाहुणे काय म्हणतील, म्हणून आपण सागवानी दार लावतो आणि डोळे मिटून दूध पिण्याबद्दल नाव मात्र मांजराचं घेतो!