उतरवून घेतलेला गणवेश

युद्ध संपते आणि सैनिक घरी परततो, या एका प्रसंगावर जगातील किती चित्रपट उभे आहेत याची गणती करणे कठीण. बंदरात जहाज लागते, वाद्ये वाजू लागतात, कोणीतरी कोणाच्या तरी गळ्यात पडते आणि प्रेक्षक डोळे पुसून घराकडे वळतो. उस्मान सेम्बेन आणि थिएर्नो फाती सो या सेनेगली दिग्दर्शकद्वयाचा ‘काँ द थियारॉय’, म्हणजे ‘थियारॉयची छावणी’, हा १९८८ सालचा चित्रपट मात्र जिथे इतर युद्धपट संपतात तिथे सुरू होतो. डकारच्या बंदरात जहाज लागले आहे, वाद्ये वाजत आहेत आणि अंगावर अमेरिकन गणवेश ल्यालेले काळे सैनिक मायभूमीवर उतरत आहेत. फ्रान्ससाठी ते लढले, जर्मनांच्या कैदेत पडले, सुटले. आता थकलेला पगार घ्यायचा आणि गावाची वाट धरायची, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

पुढे काय घडले हे इतिहासाला ठाऊक आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये हजाराहून अधिक आफ्रिकी सैनिकांना डकारजवळच्या थियारॉय येथील छावणीत आणण्यात आले. थकबाकी देण्यात टाळाटाळ झाली, सैनिक अडून बसले, आणि १ डिसेंबर १९४४ च्या पहाटे फ्रेंच लष्कराने स्वतःच्याच सैनिकांवर गोळ्या झाडल्या.

आफ्रिकी सैनिकांच्या या दलाला ‘तिरायर सेनेगाले’ असे नाव होते. नाव सेनेगलचे असले तरी सैनिक फ्रेंच आफ्रिकेच्या अनेक भागांतून येत. चित्रपट सांगत नाही असा या दलाचा एक पूर्वेतिहास वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी १८४८ साली कायद्याने रद्द केली. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८५७ साली, गव्हर्नर फेडेर्ब यांच्या पुढाकाराने हे दल उभे राहिले, आणि त्याच्या आरंभीच्या भरतीत अनेक गुलाम होते. भरतीपोटी मिळणारी रक्कम त्यांच्या धन्याच्या हाती पडे. गुलाम ‘मुक्त’ होई आणि दीर्घ मुदतीच्या करारावर सैन्यात दाखल होई. गुलामाच्या अंगावरचा गणवेश ही त्याच्या मुक्तीची खूण होती आणि विक्रीची पावतीही. हे एकदा ध्यानात आले की सेम्बेनच्या चित्रपटातील कपड्यांच्या प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

कारण हा चित्रपट खऱ्या अर्थाने कपड्यांचा आहे. छावणीत आल्यावर सैनिकांना हुकूम सुटतो: अमेरिकन गणवेश जमा करा. त्याऐवजी त्यांना वसाहतीतल्या शिपायाची अर्धी विजार आणि लाल गोंडेदार टोपी मिळते. युरोपात ज्यांनी मर्दासारखे दिवस काढले त्यांचे पाय पुन्हा गुडघ्यापासून उघडे पडतात. येथे रक्ताचा थेंब सांडत नाही, कोणी कोणाला चाबूक मारत नाही. तरी वंशद्वेषाचे इतके नेमके चित्रण आम्ही क्वचितच पाहिले आहे. गणवेश ही दिलेली वस्तू होती. जो देतो तो परत घेऊ शकतो, एवढेच धन्याला सांगायचे आहे.

याच सूत्राचा दुसरा धागा सार्जंट-मेजर दियात्ताच्या प्रसंगात आहे. दियात्ता सुशिक्षित आहे, उत्तम फ्रेंच आणि इंग्रजी बोलतो, युरोपीय अभिजात संगीत ऐकतो. त्याची पत्नी फ्रेंच आहे. शहरातल्या एका कुंटणखान्यात तो शिरतो, तेव्हा अंगावरच्या गणवेशामुळे त्याला अमेरिकन निग्रो समजून त्याचे स्वागत होते. तो आफ्रिकी आहे हे कळताच त्याला बाहेर काढले जाते. कातडी तीच, माणूस तोच. पुढे रस्त्यावर अमेरिकन लष्करी पोलिस त्याला मारहाण करून पकडून नेतात, आणि त्या पोलिसांत एक स्वतः काळा आहे. सेम्बेन या गोष्टीवर भाष्य करत नाही, कॅमेरा रेंगाळतही नाही. आमच्या मराठी चित्रपटांतील दिग्दर्शकाला असा प्रसंग सापडता तर त्याने पार्श्वसंगीताचा केवढा गिलावा केला असता, असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

सेम्बेन हे सारे ऐकीव माहितीवर रचत नव्हता. १९२३ साली कझामान्स प्रांतातील झिगिन्शोर येथे जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात स्वतः तिरायर होता. पुढे मार्सेच्या गोदीत हमाली करता करता तो कादंबरीकार झाला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोला जाऊन चित्रपटकला शिकला. त्याचा १९७१ चा ‘एमिताई’ हा चित्रपट थियारॉयच्या आधी पाहावा असे आम्ही सुचवू. त्यात फ्रेंच सैन्य कझामान्समधील जोला लोकांच्या गावी प्रथम तरुण उचलून नेते आणि नंतर भात मागते. स्त्रिया भात लपवतात. त्यांना भर उन्हात चौकात बसवून ठेवले जाते. पुरुष देवांशी वाद घालत बसतात. मध्येच मार्शल पेतां यांचे चित्र काढून त्याजागी जनरल द गॉल यांचे चित्र लावण्याचा हुकूम येतो, आणि सात तारे असलेल्याच्या जागी दोन तारे असलेला कसा येऊ शकतो, हे बिचाऱ्या शिपायांच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. त्यांचा गोंधळ रास्तच आहे. पेतां गेले, द गॉल आले. भाताची मागणी कायम राहिली. ‘थियारॉय’मधील दियात्ता याच मुलखातल्या एफोक गावचा, आणि फ्रेंचांनी ते गाव उद्ध्वस्त केल्याची, आईबाप गेल्याची बातमी त्याला छावणीत भेटायला आलेल्या नातलगांकडून कळते.

आता ‘स्वतंत्र चित्रपट’ या शब्दाविषयी. थियारॉयच्या निर्मितीत सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया या देशांचा पैसा होता, फ्रान्सचा नव्हता. सरकारी पैसा आला की स्वातंत्र्य कोठे उरले, असे कोणी म्हणेल. ते पूर्णतः चूक नाही. परंतु ज्याच्यावर खटला भरायचा त्याच्याच खिशातून वकिलाची फी घेतलेली नाही, एवढे स्वातंत्र्य येथे निश्चित आहे. त्याचे फळ काय, हे समजण्यासाठी पुढच्याच वर्षी, १९८९ साली आलेला हॉलिवूडचा ‘ग्लोरी’ शेजारी ठेवून पाहावा. अमेरिकेच्या यादवी युद्धातील ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या पलटणीची ही कथा. येथेही पगाराचाच तंटा आहे: गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर, काळ्याला १० आणि त्यातूनही कपड्यांची कपात. सैनिक पगार नाकारतात, आणि त्यांचा तरुण गोरा कर्नल रॉबर्ट शॉ स्वतःच्या पगाराचा कागदही फाडून टाकतो. टाळ्या पडतात. प्रत्यक्षात या पलटणीने सुमारे दीड वर्ष बिनपगारी लढून १८६४ साली अमेरिकन काँग्रेसला समान वेतन मान्य करायला लावले. ही दीर्घ, कंटाळवाणी, पत्रे-अर्जांची लढाई चित्रपटात दिसत नाही. एका सज्जन गोऱ्याच्या एका कृतीत ती मिटते. शिवाय ती पलटण मुख्यतः उत्तरेकडील जन्मतः स्वतंत्र काळ्यांची होती. चित्रपटाने तिला बहुतांशी पळून आलेल्या गुलामांची केले. ‘ग्लोरी’ सुंदर आहे, डेन्झेल वॉशिंग्टनचा अभिनय विसरता येत नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्याची कथा शॉच्या डोळ्यांतून उलगडते, आणि प्रेक्षकाला आपण शॉच आहोत असे वाटून बरे वाटते.

सेम्बेनच्या छावणीतही एक सज्जन गोरा आहे, कॅप्टन रेमों. आमच्या मते हेच या चित्रपटातील सर्वाधिक अस्वस्थ करणारे पात्र. रेमों दियात्ताशी बरोबरीने बोलतो. सैनिकांजवळच्या फ्रेंच नोटा निम्म्या भावाने बदलून देण्याचा घाट घातला जातो, तेव्हा तो त्यांची बाजू घेतो. सहकारी त्याची कुचेष्टा करतात. तो वाद घालतो, दुःखी होतो आणि अधिकारी म्हणून राहतो. त्याच्या सज्जनपणाने एकही जीव वाचत नाही. शुभवर्तमानातील अरिमथाईकर योसेफाची आम्हांस आठवण झाली. तोही न्यायसभेचा सदस्य होता, तिच्या निर्णयास त्याची संमती नव्हती, असे संत लूक आवर्जून नोंदवतो. निर्णय मात्र झालाच. योसेफाला निदान देह मागून घेण्याचे धैर्य झाले.

हे लिहिताना लेखणी अडखळते, कारण आम्हीही आज्ञापालनाचे वचन दिलेली माणसे आहोत. दीक्षाविधीत महागुरूंच्या हातांत हात देऊन उच्चारलेल्या त्या वचनाचे मोल आम्ही जाणतो. त्याच वचनाआड किती वेळा गप्प बसता येते, हेही जाणतो. सेम्बेनने आमच्यासारख्यांचे चित्र एकदा थेट रेखाटले आहे. १९७७ च्या ‘चेड्डो’ या चित्रपटात गुलामांच्या व्यापाऱ्याच्या शेजारीच एक गोरा धर्मगुरू राहतो. दोघांच्याही तोंडी जवळजवळ शब्दच नाहीत. समोर गुलामांना तापलेल्या लोखंडाने डागले जाते, त्या वेळी पार्श्वभूमीला अमेरिकन काळ्यांचे भक्तिगीत वाजते. आणि आमचा धर्मगुरू आफ्रिकेतील भावी ख्रिस्तसभेची, काळ्या श्रद्धावंतांच्या मिस्सेची स्वप्ने पाहतो. प्रथम पाहिला तेव्हा या चित्रपटाचा आम्हांस संताप आला होता. दासमुक्तीसाठी झटलेले कार्डिनल लाव्हिजरी यांना दिसले नाहीत काय, १८८८ साली पोप तेरावे लिओ यांनी गुलामगिरीविरुद्ध काढलेले परिपत्रक कोठे गेले, अशी उत्तरे आम्ही मनात जुळवत होतो. परंतु ही सारी उत्तरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहेत आणि व्यापार त्यापूर्वी कित्येक शतके चालला होता. डकारच्या किनाऱ्यासमोरच गोरे नावाचे बेट आहे. नावाचा मराठी अर्थाशी संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. २२ फेब्रुवारी १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या बेटावरील गुलामगृहात उभे राहून या पापाबद्दल क्षमा मागितली. ‘चेड्डो’ त्याआधी पंधरा वर्षे पडद्यावर आला होता. सेनेगलमध्ये त्यावर बंदी घातली गेली ती राष्ट्राध्यक्ष सेंगोर यांच्या राजवटीत, शीर्षकात ‘ड’ एकेरी हवा की जोड, असे व्याकरणाचे निमित्त काढून. सेंगोर कॅथलिक होते, तरुणपणी सेमिनरीत शिकलेले होते आणि स्वतः जर्मनांच्या कैदेत राहिलेले सैनिक होते. थियारॉयच्या मृतांवर त्यांनी कविता लिहिली. ती ज्या संग्रहात आहे त्याच्या ‘ओस्ती न्वार’ या नावातील पहिल्या फ्रेंच शब्दात मिस्सेतील भाकर आणि बळी हे दोन्ही अर्थ सामावले आहेत, आणि दुसऱ्याचा अर्थ काळा. एकच माणूस असा हळवा कवी आणि असा सेन्सॉर असू शकतो.

चित्रपटाचे दोषही सांगितले पाहिजेत. अडीच तासांहून अधिक लांबीचा हा पट मध्यंतरी रेंगाळतो. रेमों सोडल्यास फ्रेंच अधिकारी एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात; दुष्टपणाला इतका एकसुरी चेहरा दिला की प्रेक्षक स्वतःला सहज त्यातून वगळतो. ‘एमिताई’त स्त्रिया कथेच्या केंद्रस्थानी होत्या, येथे त्या काठावर आहेत.

पेई या पात्राचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पेई म्हणजे देश. बुखेनवाल्डच्या यातनातळातून वाचलेला हा मुका सैनिक जर्मन शिरस्त्राण डोक्यावरून उतरवायला तयार नसतो आणि थियारॉयच्या काटेरी तारेला हात लावून बघतो. इतिहास मात्र असा की जर्मनांनी आफ्रिकी युद्धकैद्यांना आपल्या भूमीवर येऊ न देता बहुतांशी व्याप्त फ्रान्समधील छावण्यांतच डांबले होते. काळ्या माणसाने जर्मन भूमी विटाळू नये, हाही त्यामागचा एक विचार. तेव्हा पेई ही कवीची निर्मिती आहे. आम्ही ती क्षम्य मानतो, कारण तिच्यातून जन्मणारा एक प्रसंग चित्रपटात सर्वांत खरा आहे. सैनिकांनी पेचात पकडलेला जनरल पगार देण्याचा शब्द देतो. त्याला सोडले जाते. रात्री छावणीत नाचगाणे चालते, सारे निर्धास्त झोपी जातात. पहाऱ्यावर जागा असलेल्या पेईला पहाटे रणगाडे येताना दिसतात. तो धावतो, सोबत्यांना हलवून उठवतो, हातवारे करतो. वेडा पेई, युद्ध संपले, जर्मन गेले, अशी त्याची समजूत घातली जाते. छावणी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला वाचा नाही.

या सैनिकांची भाषा हाही एक अभ्यासाचा विषय ठरावा. निरनिराळ्या प्रदेशांतून आलेले हे लोक आपसांत मोडक्या फ्रेंचमध्ये बोलतात. ही मोडकी भाषा फ्रेंच लष्करानेच रूढ केली होती. १९१६ साली तिच्यावर अधिकाऱ्यांसाठी पुस्तिकाही निघाली. हुकूम कळावेत एवढ्यासाठी दिलेल्या त्या भाषेत हे सैनिक छावणीत सभा घेतात, हिशेब मांडतात, ‘नाही’ म्हणतात. दियात्ताचे शुद्ध फ्रेंच रेमोंशी गप्पा मारण्यास उपयोगी पडते. छावणीचा निर्णय मात्र मोडक्या फ्रेंचमध्येच होतो.

व्हेनिसच्या महोत्सवात १९८८ साली या चित्रपटाला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. फ्रान्सच्या चित्रपटगृहांत तो पुढे कित्येक वर्षे पोचला नाही. २००७ साली सेम्बेनचे निधन झाले. त्याच्या चित्रपटाची नव्याने सिद्ध केलेली प्रत २०२४ च्या मे महिन्यात कान येथे, म्हणजे फ्रान्सच्याच भूमीवर, दाखवण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी सेनेगलच्या राष्ट्राध्यक्षांना पाठविलेल्या पत्रात थियारॉयच्या घटनेला कत्तल हा शब्द वापरला. मृतांचा आकडा अजून वादात आहे. लष्कराने प्रथम ३५ सांगितला, पुढे ७० हा आकडाही आला, काही इतिहासकार तीनशेच्या वर जातात. जे वाचले त्यांच्यापैकी ३४ जणांना बंडखोर ठरवून १९४५ साली शिक्षा ठोठावण्यात आल्या. चित्रपटाच्या अखेरीस कोणताही आकडा नाही. पुन्हा डकारचे बंदर दिसते, जहाज उभे असते, आणि नव्या भरतीचे आफ्रिकी तरुण युरोपला जाण्यासाठी त्यावर चढत असतात.