76 चक्रांची ओळ: अटारी 2600 चे छंदी कारागीर आणि एम्युलेटर नावाचं भाष्य

आज 1977 सालच्या एका खेळयंत्राबद्दल बोलायचं आहे, पण आठवणी काढायला नव्हे. आठवणींचा बाजार यूट्यूबवर भरपूर भरलेला आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. अटारी कंपनीने 2600 हे यंत्र 1992 च्या सुरुवातीला बंद केलं, आणि तरीही त्याच्यासाठी माणसं आजपर्यंत नवे खेळ लिहीत आली आहेत. पगार नाही, फारसं गिऱ्हाईकही नाही. या खेळांपैकी चांगला कोणता आणि सुमार कोणता, हे कशावरून ठरवायचं? ‘एवढ्याशा यंत्रात केवढं केलंय बघा’ हे झालं कौतुक. समीक्षा कौतुकाच्या पुढे सुरू होते.

त्यासाठी आधी यंत्र थोडं उघडावं लागेल. प्रोसेसर 6507, वेग 1.19 मेगाहर्ट्झ. स्मृती 128 बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. देवनागरी मजकूर आज आपण ज्या यूटीएफ-8 पद्धतीने साठवतो, तिच्यात दर खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे या यंत्राच्या पोटात काना-मात्रा धरून 42 खुणा मावल्या असत्या, एक लहानसं वाक्य! आणि पडद्यावर ठिपके किती? आडवे 160, उभे साधारण 192. नुसतं काळं-पांढरं चित्र साठवायचं म्हटलं तरी 3840 बाइट हवेत. आहेत 128.

मग चित्र येतं कुठून? चित्र साठवलेलंच नसतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत किरण डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखत खाली जायचा. अमेरिकी पद्धतीत अशा 262 ओळींची एक चौकट, सेकंदाला सुमारे 60 चौकटी. 2600 मधली टीआयए ही चिप फक्त चालू ओळ जाणते. दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू आणि पार्श्वभूमीचे 20 ठोकळे, एवढाच तिचा संसार. पार्श्वभूमीसुद्धा अर्ध्याच पडद्याची. उरलेला अर्धा तिचीच पुनरावृत्ती किंवा आरशातलं रूप. यापेक्षा वेगळं काही हवं असेल, तर किरण धावत असताना प्रोग्रामने मधेच नवा आकडा चिपला द्यायचा. लवकर दिला तर आधीचा आकार बिघडतो, उशीर झाला तर किरण पुढे निघून गेलेला असतो.

एका ओळीला प्रोसेसरची 76 चक्रं मिळतात. एक आकडा उचलायला निदान दोन चक्रं, चिपमध्ये ठेवायला तीन. भागाकार करा: ओळीत फार तर पंधरा वेळा काही बदलता येतं, आणि मोजणी, तुलना, पुन्हा वर उडी मारणं हे सगळं त्याच 76 मध्ये बसवायचं.

आता एक गंमत. आपल्या मंगलाष्टकांचं ठरलेलं वृत्त शार्दूलविक्रीडित. चरणाला 19 अक्षरं, चार चरण, म्हणजे 76. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर सिद्धांत मांडू नका. (हशा) पण घरगुती मंगलाष्टकं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. मामा, मावशी, आत्या, सगळ्यांची नावं कोंबायची असतात. वृत्त फुटतं, आणि म्हणणारी व्यक्ती शेवटची पाच अक्षरं एका श्वासात दडपून नेते. मंडपात ते खपतं. 2600 वर खपत नाही. ओळीत जास्त चक्रं गेली की चित्र फाटतं, चौकटीत ओळी जास्त झाल्या की जुन्या टीव्हीवर पडदा वर सरकायला लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं की या यंत्रावरच्या खेळाचं परीक्षण ओळीपासून सुरू करावं. लेखकाने या 76 चक्रांमध्ये कशाला जागा दिली आणि कशाला नाकारली?

हे धरून 1982 चा पॅक-मॅन बघू. टॉड फ्राय यांनी तो 4 किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवला. कार्ट्रिज म्हणजे आपल्याकडची मुलं जिला ‘कॅसेट’ म्हणायची ती. भुतं चार, आणि फ्राय यांनी दर चौकटीत एकच भूत काढलं, पाळीपाळीने. म्हणजे प्रत्येक भूत सेकंदाला पंधरा वेळा दिसतं आणि सतत लुकलुकतं. रंग वेगळे, चक्रव्यूह वेगळा, ठिपक्यांऐवजी चपट्या फिती. खेळ अफाट खपला आणि तितक्याच शिव्या त्याला बसल्या. अनेक वर्षांनी एका छंदी प्रोग्रामरने तितक्याच 4 किलोबाइटमध्ये मूळ आर्केडच्या कितीतरी जवळ जाणारा पॅक-मॅन लिहून दाखवला. तेव्हापासून एक निकाल ऐकू येतो: बघा, यंत्रात दम होता, फ्राय कमी पडले.

मला हा निकाल मान्य नाही. नवा खेळ सरस आहे, यात वादच नाही. पण मधल्या पाव शतकात या यंत्रावर लिहिण्याची एक परंपरा तयार झाली. आकृती काढायच्या काटकसरी युक्त्या सापडल्या. 6502 घराण्यातल्या प्रोसेसरच्या, निर्मात्याने कागदावर न दिलेल्या आज्ञा लोकांनी शोधल्या आणि एकेक चक्र वाचवण्यासाठी वापरल्या. आणि मुख्य म्हणजे डोक्यावर विक्रीची तारीख नव्हती. नंतरच्या कवीने वृत्त अधिक सफाईने हाताळलं म्हणून पहिला कवी अडाणी ठरत नाही. फ्राय यांच्यावर आक्षेप घ्यायचाच तर दुसरा घ्या. रंग आणि चक्रव्यूहाची बांधणी या त्यांच्या निवडी होत्या, आणि त्यांचं खापर यंत्रावर फोडता येणार नाही.

पुस्तकांत या खेळाचं जे स्थिरचित्र छापतात, तेही बेइमान आहे. एकच चौकट पकडली तर तिच्यात एकच भूत सापडतं. चार चौकटी एकावर एक ठेवल्या तर चारही भुतं ठळक, लुकलुक गायब. दोन्ही चित्रं खोटी. खेळणाऱ्याने जे पाहिलं ते या दोहोंच्या मधलं होतं, आणि ते कागदावर येत नाही.

इथे एम्युलेटरचा प्रश्न येतो. आज हे खेळ बहुतेक लोक स्टेला या मुक्त सॉफ्टवेअरवर पाहतात. ब्रॅडफर्ड मॉट यांनी 1990 च्या दशकात ते सुरू केलं, पुढे अनेकांनी वाढवलं. ‘स्टेला’ हे मुळात यंत्राचं घडणीच्या काळातलं टोपणनाव. ते जो डेक्यूर या अभियंत्याच्या सायकलवरून पडलं, अशी त्याची कथा आहे. एम्युलेटर म्हणजे नक्कल, असं आपण सहज म्हणून जातो. मला तो भाष्य वाटतो. आपल्याकडे ‘टीका’ या शब्दाचा जुना अर्थ तोच, ग्रंथाचा ओळीओळीने उलगडा. स्टेलाच्या डीबगरमध्ये खेळ थांबवा, एकेक ओळ पुढे सरकवा. कुठल्या चक्राला कुठला आकडा बदलला ते समोर दिसतं. कुठलाही समीक्षक यापेक्षा बारकाईने काय वाचणार?

पण भाष्यकार लाडही करतो. ओळींची संख्या चुकली तरी एम्युलेटर चित्र स्थिर ठेवू शकतो. ‘फॉस्फर’ नावाची सोय चालू केली की लुकलुक मवाळ होते. खेळ आहे त्यापेक्षा बरा दिसतो, आणि लेखकही फसतो. त्यावर इलाजही स्टेलानेच ठेवला आहे, हे मला फार आवडतं: सुरुवातीला स्मृतीत मुद्दाम वेडेवाकडे आकडे भरायचे, म्हणजे ‘सगळं शून्य असेलच’ या भरवशावर लिहिलेला प्रोग्राम घरीच कोसळतो.

2023 मध्ये अटारी नावाने 2600+ हे नवं यंत्र बाजारात आलं. त्यात जुनी कॅसेट लावता येते, म्हणून काही जण ‘अस्सल अनुभव’ म्हणतात. आत काय होतं? यंत्र कॅसेटमधला मजकूर वाचून घेतं आणि स्टेलावर चालवतं. माझी तक्रार फक्त ‘अस्सल’ या शब्दाबद्दल आहे.

आता नव्या लेखकांकडे. बटारी बेसिक या भाषेमुळे असेंब्ली न शिकताही खेळ लिहिता येतो, आणि त्यामुळे कितीतरी नवी माणसं आली. पण ओळ रेखणारा भाग, ज्याला कर्नल म्हणतात, तो तिच्यात तयार मिळतो. परिणाम असा की 32 बाय 11 ठोकळ्यांची तीच ती जाडजूड पार्श्वभूमी खेळामागून खेळात दिसते. कल्पना वेगळी, चाल तीच. सुरुवातीला ठीक आहे. मुक्काम करायची ती जागा नव्हे.

हेलो 2600 ची ख्याती मोठी. मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सबॉक्सच्या खेळांचं प्रकाशन सांभाळलेले एड फ्राइज यांनी तो 2010 मध्ये 4 किलोबाइटमध्ये लिहिला, आणि पुढे स्मिथसोनियनच्या अमेरिकी कला संग्रहालयाने तो संग्रहात घेतला. कारागिरी नेटकी आहे. पण खेळ म्हणून तो वॉरन रॉबिनेट यांच्या ‘ॲडव्हेंचर’चा आज्ञाधारक नातू आहे: पडद्यामागून पडदे, चावी, दार, शेवटी मोठा शत्रू. ‘ॲडव्हेंचर’मध्ये वटवाघूळ तुमच्या हातातली वस्तू पळवून भलतीकडे टाकायचं, आणि खेळ लेखकाच्याही हातात राहायचा नाही. तो बेबंदपणा हेलोत नाही.

खरा वाद पुढे आहे. गेल्या दशकभरातले सर्वांत देखणे खेळ कॅसेटमध्ये बसवलेल्या आर्म प्रोसेसरवर चालतात. हार्मनी या कार्ट्रिजमधली चिप 70 मेगाहर्ट्झची, 32 बिटांची. यजमान 1.19 चा, पाहुणा 70 चा! शुद्धतावादी नाक मुरडतात. त्यांना मी आठवण देतो की 1984 मध्ये डेव्हिड क्रेन यांनीच ‘पिटफॉल 2’ च्या कॅसेटमध्ये जादा चिप घातली होती. तेव्हा सोवळं तेव्हाच सुटलं. फरक प्रमाणाचा आहे. क्रेन यांची चिप 6507 ला आकडे वेळेवर हातात देत होती, संगीत सांभाळत होती. विचार 6507 च करत होता. आर्मवाल्या खेळात विचार पाहुण्याचा, 6507 फक्त हमाल. टीआयएचं बंधन मात्र उरतंच, ठिपके आणि आकृत्या तेवढ्याच, म्हणून या खेळांना मी बाद करत नाही. ते चांगले खेळ आहेत. त्यांच्यात ओळीचा ताण कमी आहे, एवढं परीक्षणात लिहायला हवं.

मला काळजी दुसरीच वाटते. 1977 ची ‘कॉम्बॅट’ची कॅसेट, अवघी 2 किलोबाइटची, जवळपास कुठल्याही एम्युलेटरवर चालते. आर्मवाल्या खेळाला एम्युलेटरने दुसरं अख्खं यंत्र आत उभं करावं लागतं. स्टेला ते करते, पण बरीच वर्षं त्या चिपच्या चक्रांचा नेमका हिशेब ठेवत नव्हती, म्हणून एम्युलेटरवर सुरळीत चालणारा खेळ प्रत्यक्ष यंत्रावर ओळ चुकवू शकत होता. 2600+ बाजारात आलं तेव्हा असे खेळ त्यावर अडले. म्हणजे सर्वांत जुनं लेखन सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत नवं सर्वांत नाजूक, अशी उलटी परिस्थिती आहे. छंदी लेखकांनी आपला सोर्स कोड टिपांसकट खुला ठेवला, तर पुढच्या भाष्यकाराला काहीतरी हाताशी राहील. पुष्कळ जण ठेवतात. सर्वांत देखण्या खेळांचे लेखक बहुधा ठेवत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

बोलणं पुष्कळ झालं. आता पडद्यावर स्टेला उघडतो आणि क्रेन यांचा पहिला ‘पिटफॉल’ लावतो. जंगलाचे 255 पडदे आहेत, आणि त्यांचा नकाशा कुठेही साठवलेला नाही. डीबगरमध्ये हा एक बाइट बघा. उजवीकडे गेलो की त्याचे बिट एका नियमाने सरकतात आणि पुढचं जंगल ठरतं. डावीकडे वळलो की तोच नियम उलटा, मागचं झाड जागच्या जागी. शून्य हा आकडा या चक्रात येत नाही, म्हणून 256 नव्हे, 255. मागच्या रांगेत आकडा दिसतोय ना? मग उजवीकडे निघू या.